गोळी जेवणासोबतच का?

फॉस्फरस हे मूलद्रव्य माणसाला पहिल्यांदा कशात सापडले, ठाऊक आहे का तुम्हाला? खाणीत नाही, खडकात नाही. ते सापडले लघवीत! १६६९ साली जर्मनीतील हँबुर्ग शहरात हेनिंग ब्रँड नावाचा एक किमयागार सोने तयार करण्याच्या नादी लागला होता. सोने पिवळे आणि लघवीही पिवळी, तेव्हा दोहोंत काही नाते असावे, असा त्याचा तर्क असावा. त्याने भरपूर लघवी साठवली, ती आटवली आणि खाली उरलेला गाळ भट्टीत खूप तापवला. सोने काही मिळाले नाही. मिळाला तो अंधारात फिकट हिरवा उजेड देणारा, मेणासारखा मऊ पदार्थ. तोच फॉस्फरस.

ब्रँडच्या या उद्योगाला नाक मुरडू नका. फॉस्फरस त्याला लघवीत सापडला हा निव्वळ योगायोग नव्हता. शरीरात शिरलेला फॉस्फरस बाहेर पडण्याचा मुख्य रस्ताच तो आहे. मोठा माणूस दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम फॉस्फरस अन्नातून खातो. त्यातला ६०० च्या आसपास आतड्यातून रक्तात जातो आणि निरोगी माणसाची मूत्रपिंडे जवळजवळ तेवढाच फॉस्फरस रोज लघवीवाटे बाहेर टाकतात. जमा तेवढा खर्च, असा हा चोख हिशेब आहे.

हा फॉस्फरस शरीरात सुटा नसतो. एक अणू फॉस्फरसचा आणि चार ऑक्सिजनचे, असा फॉस्फेट आयन होऊन तो वावरतो. शेतकरी ज्याला स्फुरद म्हणतात आणि खताच्या पोत्यावर ज्याचा आकडा नत्र आणि पालाश यांच्या मध्ये छापलेला असतो, तोच हा. मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे ७०० ग्रॅम फॉस्फरस असतो. त्यातला ८५ टक्के हाडांत आणि दातांत, उरलेला बहुतेक पेशींच्या आत. रक्तात असतो तो एक टक्क्याहूनही कमी. रक्तद्रवाच्या १०० मिलिलिटरमध्ये अडीच ते साडेचार मिलिग्रॅम, बस्स. पण सारी नाटके होतात ती या एक टक्क्यातच.

आता समजा, मूत्रपिंडे निकामी झाली. लघवीचा रस्ता बंद पडला. तोंडाचा रस्ता मात्र चालूच आहे. पुढे काय होणार?

तुम्ही म्हणाल, त्यासाठी डायलिसिस आहे की! बरोबर. आपल्याकडे अनेकांनी हा शब्द पहिल्यांदा वर्तमानपत्रात वाचला, तो बहुधा १९७५ च्या अखेरीस. आणीबाणीत चंडीगढ येथे स्थानबद्ध असलेल्या जयप्रकाश नारायण यांची मूत्रपिंडे निकामी झाली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात सुटका झाल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणण्यात आले आणि तेथे त्यांचे डायलिसिस सुरू झाले. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात त्यांचे निधन झाले, तोवर ते यंत्राच्या आधारानेच जगले. त्या काळी अशी यंत्रे मोठ्या शहरांतल्या मोजक्या रुग्णालयांत होती. आज ठाणे, कल्याण, डोंबिवली येथे डायलिसिसची केंद्रे आहेत, आणि आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस त्यासाठी घराबाहेर पडणारे कोणी ना कोणी तुमच्याही ओळखीत असेल.

डायलिसिसला मराठीत अपोहन म्हणतात. त्याचे तत्त्व तुमच्या पुस्तकात आहे, ते म्हणजे विसरण. पाण्यात शाईचा थेंब टाकला की शाई आपोआप पसरते; जिकडे दाटी जास्त तिकडून ती कमी दाटीकडे जाते. हॉलंडमध्ये विलेम कोल्फ या डॉक्टरांनी १९४३ साली सेलोफेनच्या नळ्या लाकडी पिंपाभोवती गुंडाळून पहिले कामचलाऊ यंत्र उभारले. आजच्या यंत्रात केसाएवढ्या बारीक हजारो पोकळ तंतूंचा जुडगा असतो. तंतूंच्या आतून रक्त वाहते, बाहेरून क्षारांचे द्रावण. तंतूंच्या भिंतींना सूक्ष्म छिद्रे असतात. रक्तातील युरिया त्यांतून द्रावणात उतरतो. रक्तपेशी आणि मोठी प्रथिने आतच राहतात. चार तासांच्या एका बैठकीत जवळजवळ १२० लिटर द्रावण या तंतूंवरून वाहून जाते.

मग फॉस्फेटही असाच उतरून जात नाही का? जातो, पण फार थोडा. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

कोकणातली एखादी विहीर डोळ्यांसमोर आणा. वर पंप बसवला आहे. पहिला तासभर पाण्याचा लोट धो धो येतो, मग विहीर तळाला जाते. आता पंप कितीही जोराचा असला तरी पाणी मिळणार ते झऱ्यातून जेवढे पाझरेल तेवढेच. पंप बंद करा. रात्रीतून विहीर पुन्हा भरते. फॉस्फेटचे नेमके असेच आहे. विहीर म्हणजे रक्त आणि भोवतालची जमीन म्हणजे पेशी आणि हाडे. रुग्णाच्या रक्तद्रवात एका वेळी फिरणारा फॉस्फरस दीड-दोनशे मिलिग्रॅमच असतो. यंत्र सुरू झाल्यावर पहिल्या तास-दोन तासांत रक्तातील पातळी भराभर उतरते, मग ती रेंगाळते, कारण पेशींमधून फॉस्फेट सावकाशच पाझरतो. बैठक संपली की काही तासांत पातळी पुन्हा चढू लागते. शिवाय फॉस्फेट आयनावर विद्युतभार असल्यामुळे पाण्याचे रेणू त्याला चिकटून असतात. हा लवाजमा घेऊन छिद्रातून जाणे त्याला युरियाइतके सोपे नसते.

म्हणजे येथे पंपाच्या जोरापेक्षा वेळेला महत्त्व आहे. आठवड्याचे तास १६८; तीन बैठका झाल्या तरी यंत्राचे तास बाराच. निरोगी मूत्रपिंड १६८ तास काम करते. या विचाराचा ताळाही पाहता येतो. काही देशांत निवडक रुग्ण घरीच रोज रात्री झोपेत सात-आठ तास डायलिसिस करतात. त्यांच्यापैकी अनेकांना फॉस्फेटसाठी औषध लागतच नाही. उलट काहींच्या बाबतीत यंत्राच्या द्रावणात फॉस्फेट मिसळावा लागतो, नाहीतर रक्तातला फारच उतरतो. विहिरीचा पंप हळू पण रात्रभर चालवल्यासारखेच हे आहे.

आता वही-पेन्सिल घ्या. रोज ६०० मिलिग्रॅम रक्तात येतो, म्हणजे आठवड्याला ४२००. चार तासांची एक बैठक साधारण ८०० मिलिग्रॅम काढते. तीन बैठका २४००. शिल्लक राहिले १८००. म्हणजे रोजचे सुमारे २५७ मिलिग्रॅम कोठे तरी साठत राहणार. आठवड्यातून दोनच बैठका होत असतील (आणि आपल्याकडे खर्चामुळे अनेकांच्या दोनच होतात), तर शिल्लक २६००, रोजची ३७१. हे आकडे ढोबळ आहेत, माणसागणिक बदलतात, आणि ज्यांना थोडीफार लघवी होत असते त्यांचा भार तेवढा हलका होतो. पण हिशेबाचा कल बदलत नाही. नुसत्या यंत्राने तो जुळत नाही.

साठलेला फॉस्फेट काय करतो, हे सांगण्यासाठी मी तुम्हाला आमच्या ठाकुर्लीला नेणार आहे.

ठाकुर्ली स्टेशनालगत चोळा पॉवर हाऊस होते. मुंबई-पुणे मार्गावरच्या विजेच्या गाड्यांसाठी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने ते १९२९ च्या सुमारास उभारले. कोळसा जाळायचा, पाण्याची वाफ करायची, वाफेवर जनित्र फिरवायचे. ते केंद्र आता बंद पडलेले आहे, पण जुने ठाकुर्लीकर अजून पॉवर हाऊस म्हणूनच पत्ता सांगतात. अशा कोणत्याही केंद्रात बॉयलरच्या माणसांचा एक कायमचा शत्रू असतो. तो म्हणजे पाण्यातला कॅल्शियम. पाणी तापले की त्याचा कठीण थर नळ्यांच्या आत बसतो. घरातल्या बंबात किंवा गिझरमध्ये तुम्ही तो पाहिला असेल. थर बसला की नळीला उष्णता पाण्याला नीट देता येत नाही. ती तापून फुटण्याची भीती असते. यावर रसायनतज्ज्ञांनी एक उपाय काढला. बॉयलरच्या पाण्यात मोजून मापून सोडियम फॉस्फेट टाकायचा. कॅल्शियम आणि फॉस्फेट यांची एकमेकांवर मोठी ओढ. दोघे जुळले की अविद्राव्य कॅल्शियम फॉस्फेट तयार होतो. पण बॉयलरमध्ये तो कठीण थर न होता भुसभुशीत गाळ होऊन खाली बसतो, आणि तळाची झडप उघडून तो गाळ अधूनमधून बाहेर सोडून देता येतो.

माणसाच्या रक्तातही कॅल्शियम आहे. शंभर मिलिलिटरला सुमारे नऊ-दहा मिलिग्रॅम. त्यात फॉस्फेट वाढत गेला की दोघे जुळण्याची संधी वाढते. आपल्या हाडांचा मुख्य खनिज पदार्थ म्हणजे कॅल्शियम फॉस्फेटच. तो हाडांत हवा. पण आता तो रक्तवाहिन्यांच्या भिंतींत, हृदयाच्या झडपांत जमू लागतो. लवचिक नळ्या कडक होतात, हृदयावर ताण येतो. मात्र हे बॉयलरच्या नळीसारखेच आहे, असे म्हणून भौतिकीच्या मास्तराने मोकळे होऊ नये. रक्तवाहिनीच्या भिंतीत जिवंत पेशी असतात. फॉस्फेट वाढला की त्यांतल्या स्नायुपेशी आपला स्वभाव बदलून हाडे घडवणाऱ्या पेशींसारखे वागू लागतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे. नळीने स्वतःच थर बसवायला मदत करावी, तसा हा प्रकार!

दुसरीकडे मानेतील परावटू ग्रंथी चेकाळतात. त्यांचे संप्रेरक हाडांतून कॅल्शियम खेचून आणते. हाडे ठिसूळ होतात. पुष्कळ रुग्णांना अंगभर खाज सुटते, रात्ररात्र झोप लागत नाही. १९९८ साली अमेरिकेत हजारो डायलिसिस रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा ज्यांच्या रक्तात फॉस्फरस साडेसहा मिलिग्रॅमच्या वर होता त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण सुमारे पाव पटीने अधिक आढळले. दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरते असे नाही, हे तुम्ही विज्ञानाचे विद्यार्थी जाणताच. पण डॉक्टरांनी सावध व्हावे एवढे ते पुरेसे होते.

मग उपाय? बॉयलरमध्ये नकोसा कॅल्शियम पकडायला फॉस्फेट टाकला. येथे नकोसा आहे फॉस्फेट, तेव्हा कॅल्शियम टाका! युक्ती तीच, फक्त उलटी. पण टाकायचा कोठे? रक्तात टाकला तर अनर्थ होईल, कारण जो साका टाळायचा तोच आपण आपल्या हाताने घडवू. तो टाकायचा आतड्यात. भौतिकीच्या नजरेने पाहिले तर आतड्याची पोकळी ही खरे म्हणजे शरीराच्या आत नाहीच. तोंडापासून गुदद्वारापर्यंत आरपार गेलेली ती एक नळी आहे, आणि तिच्या भिंतीतून पलीकडे गेलेले अन्नच काय ते शरीरात गेले. फॉस्फेट भिंतीपाशी पोचण्यापूर्वी नळीतच त्याचा साका केला, तर तो मळावाटे सरळ बाहेर. बॉयलरच्या तळाची झडपच ही! या कामासाठी दिल्या जाणाऱ्या औषधांना फॉस्फेटबंधक म्हणता येईल; डॉक्टर त्यांना फॉस्फेट बाइंडर म्हणतात.

शाळेच्या प्रयोगशाळेत हे तुम्हाला पाहता येईल. शिक्षकांना विचारून खाण्याच्या चुन्याची स्वच्छ निवळी परीक्षानळीत घ्या. दुसऱ्या नळीत चिमूटभर डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट पाण्यात विरघळवा. दोन्ही द्रावणे काचेसारखी स्वच्छ आहेत. आता एकात दुसरे ओता. क्षणात पांढरे ढग उठतील आणि हळूहळू खाली बसतील. हा तुमचा साका. (निवळी डोळ्यांत जाऊ देऊ नका, आणि तिच्यात फुंकरही घालू नका, तुमच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडनेही ती पांढरी होते, हे आठवते ना?) आता त्यात विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकत जा. ढग विरघळून द्रावण पुन्हा स्वच्छ होईल. जठरात असेच आम्ल असते. तेथे कॅल्शियम कार्बोनेटची गोळी विरघळून कॅल्शियमचे आयन सुटे होतात आणि अन्नाच्या लगद्यात मिसळतात. पुढे लहान आतड्यात आम्ल मावळले की फॉस्फेटशी त्यांची गाठ पडून साका बनतो.

आता या लेखाच्या शीर्षकातला प्रश्न तुम्हीच सोडवू शकाल. गोळीने पकडायचा तो जेवणातला फॉस्फेट. तेव्हा गोळी आणि जेवण एकाच वेळी पोटात असले पाहिजेत. गोळी दोन तास आधी घेतली तर ती पुढे निघून जाते. दोन तासांनी घेतली तर फॉस्फेट भिंत ओलांडून गेलेला असतो. कल्याण फास्ट निघून गेल्यावर फलाटावर पोचण्यासारखेच हे. रिकाम्या पोटी घेण्यात आणखी एक तोटा आहे. पकडायला फॉस्फेट नसला की कॅल्शियम मोकळाच राहतो आणि स्वतःच रक्तात शिरतो. अमेरिकेतील संशोधकांनी १९८९ साली कॅल्शियम ॲसिटेट हे औषध जेवणासोबत आणि उपाशीपोटी देऊन पाहिले. जेवणासोबत दिले तेव्हा फॉस्फेट अधिक पकडला गेला आणि कॅल्शियम रक्तात कमी गेला. औषध तेच, मात्राही तीच. वेळ बदलली आणि परिणाम बदलला.

आमच्या परिसरातल्या एका निवृत्त गृहस्थांची हकीगत सांगण्यासारखी आहे. मोठे शिस्तीचे माणूस. पहाटे साडेपाचला उठून, तोंड धुऊन, दिवसाच्या तिन्ही गोळ्या एकदम पेलाभर पाण्याबरोबर घ्यायचे आणि मग फिरायला जायचे. औषध अनशापोटीच लागू पडते, हे त्यांच्या आईने लहानपणापासून मनावर ठसवलेले. महिन्यामागून महिने गोळ्या चुकल्या नाहीत आणि फॉस्फेटचा आकडाही उतरला नाही. अंगाची खाज कायम. घरचे म्हणत, दूध बंद करा, तेही केले. शेवटी एकदा त्यांच्या नातीने, नववीतल्या मुलीने, पाकिटावरची बारीक अक्षरे वाचली आणि विचारले, "आजोबा, यावर जेवणाबरोबर असं लिहिलंय, मग तुम्ही पहाटे का घेता?" पुढच्या खेपेस डॉक्टरांना विचारून त्यांनी गोळ्यांची डबी देवघराजवळून उचलली आणि लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवली. गोळी आता पहिल्या-दुसऱ्या घासाबरोबर. पुढच्या दोन-तीन तपासण्यांत आकडा खाली आला. त्यांच्या तिन्ही गोळ्या कोणत्या जेवणाला किती, हेही डॉक्टरांनी ठरवून दिले. कारण नुसत्या चहासोबत आणि आमटी-भाताच्या जेवणासोबत सारखीच मात्रा घेण्यात अर्थ नसतो.

पुन्हा वही उघडा. दहावीच्या मुलांना हे गणित जमावे. ट्रायकॅल्शियम फॉस्फेटमध्ये तीन कॅल्शियमला दोन फॉस्फरस. म्हणजे ३०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटने ६२ ग्रॅम फॉस्फरस पकडावा, अर्थात एका ग्रॅमने सुमारे २०७ मिलिग्रॅम. प्रत्यक्षात पकडला जातो तो ४५ च्या आसपास, म्हणजे जेमतेम पाचवा हिस्सा! सगळी गोळी विरघळत नाही, कॅल्शियमला अन्नातले इतर आयन आणि स्निग्धाम्लेही ओढून घेतात, आणि फॉस्फेट वाट पाहत थांबत नाही. आतडे म्हणजे परीक्षानळी नव्हे. आता रोजची शिल्लक २५७ मिलिग्रॅम. तिला ४५ ने भागा. जवळजवळ सहा ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट रोज लागणार. त्यात ४० टक्के कॅल्शियम, म्हणजे २.४ ग्रॅम. अमेरिकेतील मूत्रपिंडतज्ज्ञांनी २००३ साली अशा गोळ्यांतून जाणाऱ्या कॅल्शियमला दिवसाला दीड ग्रॅमची मर्यादा सांगितली होती. म्हणजे कॅल्शियमवर सारा भार टाकता येत नाही, कारण तो जास्त झाला तर पुन्हा रक्तवाहिन्यांतच जाऊन बसणार.

पण आहारातला फॉस्फरस १००० ऐवजी ८०० मिलिग्रॅम केला तर? रक्तात येणार ४८०, आठवड्याचे ३३६०, वजा २४००, शिल्लक ९६०, रोजचे १३७. म्हणजे तीन ग्रॅम गोळ्यांत काम भागते. ताटातला पाचवा हिस्सा कमी झाला आणि औषध निम्मे झाले. असे का झाले, याचा विचार करा. उत्तर वजाबाकीत आहे.

कॅल्शियमच्या आधी या कामासाठी दुसराच धातू वापरात होता. तो म्हणजे ॲल्युमिनियम. १९४१ सालीच मूत्रपिंडाच्या रुग्ण मुलांना ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड देऊन फॉस्फेट उतरवल्याची नोंद आहे. जळजळीवर घेतात ते पांढरे पातळ औषध तुम्हाला माहीत असेल. त्यातलाच हा पदार्थ. फॉस्फेट पकडण्यात तो कॅल्शियमहून सरस. आतड्यातून रक्तात तो जवळपास जातच नाही, असा सर्वांचा समज होता. डायलिसिसचा प्रसार झाला तसा तो जगभर वापरला जाऊ लागला.

मग १९७० नंतर एक विचित्र रोग दिसू लागला. काही वर्षे डायलिसिसवर असलेली माणसे बोलताना अडखळू लागली, शब्द विसरू लागली, हातापायांना झटके येऊ लागले. पुढे भ्रम आणि मृत्यू. अमेरिकेत डेन्व्हर येथे ॲलन ॲल्फ्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मृत रुग्णांच्या मेंदूतले ॲल्युमिनियम मोजले आणि १९७६ साली आकडे प्रसिद्ध केले. निरोगी माणसांच्या मेंदूत कोरड्या वजनाच्या किलोमागे सुमारे २.२ मिलिग्रॅम, डायलिसिसवर असून इतर कारणाने वारलेल्यांत ६.५; आणि या रोगाने गेलेल्यांत २५. आतड्यातून जाणारा ॲल्युमिनियम अगदी नगण्य होता हे खरे, पण निरोगी माणसात तो लघवीवाटे निघून जातो आणि या रुग्णांचा नेमका तोच रस्ता बंद! वर्षानुवर्षे साठत गेला. दुसरा चोरदरवाजा होता पाण्याचा. नगरपालिका पाणी निवळायला तुरटी वापरते, तुरटीत ॲल्युमिनियम. आपण दिवसाला दोन-तीन लिटर पाणी पितो आणि आतडे त्यातले बहुतेक ॲल्युमिनियम अडवते. पण डायलिसिसच्या एका बैठकीत सव्वाशे लिटर पाणी रक्ताच्या शेजारून वाहते, मध्ये फक्त तो पातळ पडदा. म्हणून आज डायलिसिस केंद्रात पाणी शुद्ध करण्याचे यंत्र वेगळे असते, आणि दीर्घकाळ घेण्याचे औषध म्हणून ॲल्युमिनियम मागे पडले.

१९८० नंतर कॅल्शियम पुढे आला, आणि त्याच्याही मर्यादा दिसल्यावर शोध सुरू झाला तो कॅल्शियम नसलेल्या बंधकाचा. १९९८ साली अमेरिकेत सेव्हेलॅमर मान्य झाले. यात धातूच नाही. हे एक प्लॅस्टिकसारखे लांब साखळीचे बहुवारिक आहे. साखळीवर जागोजागी धनभार धरणारे अमाइन गट. ऋणभारित फॉस्फेट त्यांना जाऊन चिकटतो. पाणी मृदू करण्याच्या यंत्रातील रेझीन कसे काम करते हे शिकला असाल, तर हे वेगळे समजावून सांगायला नको. रेणू एवढा मोठा की आतड्याच्या भिंतीतून जाण्याचा प्रश्नच नाही. पण वजनाला वजन घेतले तर तो कॅल्शियम कार्बोनेटपेक्षा कमी फॉस्फेट धरतो. म्हणून गोळ्या मोठ्या, संख्येने पुष्कळ आणि किमतीला जड. दिवसाला मोजून पाणी पिण्याची ज्यांना परवानगी, त्यांनी इतक्या गोळ्या गिळायच्या कशा, हा प्रश्न कागदावर दिसतो त्यापेक्षा मोठा आहे.

२००४ साली अमेरिकेत लँथॅनम कार्बोनेट आले. लँथॅनमचे नाव आवर्त सारणीच्या तळाच्या ओळींपाशी वाचून तुम्ही पुढे गेला असाल. केरळात चवऱ्याच्या आणि तमिळनाडूत मनवलकुरिचीच्या किनाऱ्यावर मोनाझाइट नावाची वाळू मिळते. आपल्या अणुशक्ती कार्यक्रमाला लागणारे थोरियम तिच्यात आहे, म्हणून भौतिकीचे विद्यार्थी तिला ओळखतात. मोनाझाइट म्हणजे सेरियम, लँथॅनम, थोरियम यांचा फॉस्फेट. लाखो वर्षे लाटांनी घुसळूनही ही वाळू विरघळली नाही. लँथॅनम आणि फॉस्फेट यांची मिठी किती घट्ट असेल, याचा याहून चांगला पुरावा कोणता? ही गोळी मात्र गिळायची नाही. चावून बारीक करून खायची. अखंड गिळली तर तिचा बराचसा भाग कामी येत नाही.

आणि लोखंड? रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या शेतकऱ्याला विचारा. जांभ्याच्या लाल मातीत स्फुरदाचे खत घातले तरी पिकाला त्यातले थोडेच मिळते. मातीतली लोहाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे ते धरून ठेवतात. शेतकऱ्याची ही डोकेदुखी रुग्णाच्या कामी आली. लोहाच्या हायड्रॉक्साइडाचा, तांबूस गंजाच्याच कुळातला एक बंधक २०१३ साली आणि फेरिक सायट्रेट २०१४ साली अमेरिकेत मान्य झाले. यांतला पहिलाही चावून खायचा. अलीकडे, २०२३ च्या ऑक्टोबरात, टेनापॅनॉर हे औषधही तेथे या कामासाठी मान्य झाले. त्याची तऱ्हा निराळी. ते फॉस्फेटला पकडत नाही, तर आतड्याच्या पेशींमधल्या फटी फॉस्फेटपुरत्या आवळून धरते. कोणते औषध कोणाला, किती, हे अर्थात रुग्णाचे तपासणीचे आकडे पाहून डॉक्टरच ठरवणार. शेजाऱ्याची गोळी आपल्याला चालत नाही.

राहिला प्रश्न ताटाचा. फॉस्फरस दुधात, डाळींत, मांसमच्छीत, दाण्यांत असतो, म्हणजे जेथे प्रथिने तेथे तो. आणि डायलिसिसच्या रुग्णाला प्रथिने तर भरपूर हवीत. म्हणून सगळेच तोडा असे सांगता येत नाही. पण सारा फॉस्फरस सारखा नसतो. डाळी आणि धान्ये यांतला बराच फॉस्फरस फायटेट नावाच्या रूपात बांधलेला असतो. तो सोडवण्याचे विकर आपल्या आतड्यात नाही, म्हणून त्यातला निम्म्याहून कमीच रक्तात जातो. अंड्याच्या पांढऱ्या भागात प्रथिने पुष्कळ आणि फॉस्फरस नाममात्र. सर्वांत वाईट तो कारखान्यात वरून घातलेला फॉस्फेट. टिकाऊपणासाठी, आंबटपणासाठी, चीज मऊ राहावे म्हणून तो घालतात. हा क्षार आधीच सुटा असतो, म्हणून जवळजवळ सगळा शोषला जातो. आजोबांचे वरण बंद करून त्यांच्यापुढे पाकिटातले काही ठेवणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी.

हा फॉस्फेट पाकिटावर नावाने लिहिलेला असेलच असे नाही. पुष्कळदा नुसता अंक असतो. ३३८ म्हणजे फॉस्फोरिक आम्ल. ३३९, ३४० आणि ३४१ म्हणजे सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियम यांचे फॉस्फेट. ४५०, ४५१, ४५२ म्हणजे जोडसाखळीचे फॉस्फेट. पुढच्या वेळी वाण्याकडे जाल तेव्हा चीज, केकचे तयार पीठ, नूडल्स अशा पाकिटांच्या पाठी उलटून पाहा आणि वहीत यादी करा. ३३८ शोधायला फार लांब जावे लागणार नाही. काळ्या कोला पेयाच्या बाटलीवर साखरेच्या नावापासून थोडे पुढे वाचा.